पातळ वरणाचा टोप

गेल्या मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता सुमेधा मॅडम न सांगता आल्या, थेट स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांनी माझ्या झाकणाला हात घातला. झाकणावर आधीच एक हात होता, शेवंतीचा. ती काही सोडायला तयार नव्हती.

मित्रांनो, मी पितळेचा जुना टोप. मुंबईत तांबाकाट्याजवळच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि लालबागच्या आनंदीबाईंनी त्यांच्या खाणावळीसाठी विकत घेतलं. गिरणीची पाळी सुटली की माणसं पंगतीला बसत आणि माझं बूड खरवडूनच उठत. आनंदीबाईंपेक्षा माझीच तारीफ जास्त व्हायची. पुढे गिरण्या बंद झाल्या, खाणावळही मिटली. मी माळ्यावर उपडा पडलो. कित्येक वर्षं माझ्यात फक्त धूळ शिजली.

मग आनंदीबाईंच्या नातीने मला नायगावच्या एका निवाऱ्याला दिलं. मनाच्या आजारातून सावरलेली, पण इस्पितळातून न्यायला घरचं कुणीच न आलेली माणसं इथे राहतात. सुचित्राताई निवारा चालवतात. स्वयंपाकाचं शेवंती बघते. तीही इथलीच, रोज रात्री गोळी घेणारी. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने आत डोकं घालून हुंगलं आणि म्हणाली, "कल्हई करूक व्हयी." त्या दिवसापासून मी तिचा.

निवाऱ्याला सरकार माणशी दिवसाचा ठरलेला दर देतं. जेवण, गोळ्या, डॉक्टर, साबण, वीज, सगळं त्यातच बसवायचं. दर जुना आहे. गोळ्यांना कात्री लावता येत नाही. म्हणून गोळ्या महागल्या की माझ्यातलं वरण पातळ होतं. दर वाढला नाही तर निवारा बंद होणार आणि सगळ्यांची पुन्हा मोठ्या इस्पितळात रवानगी होणार, हे शेवंतीला ठाऊक होतं. तिथे तिला चुलीजवळ जाऊ देत नसत.

सुमेधा मॅडम सरकारी अधिकारी. दर पुरतो की नाही हे पाहायला त्या पावसाळ्याआधी एकदा आल्या होत्या. येण्याचा दिवस कळवला होता, तिथेच घोळ झाला.

"घराक इलेल्या माणसाक पातळ वरण वाढूचा?" शेवंती सुचित्राताईंना म्हणाली. "ह्या माका जमूचा नाय."

मसाल्याच्या दुकानासाठी पाकिटं चिकटवून सगळ्यांनी जमवलेली कमाई तिने मोडली. मला चिंचेने घासून आरशासारखं केलं. माझ्यात कोंबडीचा रस्सा रटरटला, बाजूला वडे फुगले. निवाऱ्यातच राहणारे जयवंतकाका वाटण वाटता वाटता म्हणाले, "शेवंते, पाहुणीला कोंबडी घालून वर गरिबी सांगायची? वा रे तुझा हिशेब!"

"तुमी गप वाटा."

मॅडम दोनदा रस्सा मागून जेवल्या. शेवंती खूश. मीही फुशारलो, खाणावळीचे दिवस परत आले असं वाटलं. महिन्याने सरकारी उत्तर आलं: सध्याच्या दरात उत्तम भोजन मिळते, वाढीची गरज दिसत नाही.

सुचित्राताई आधी हसल्या, मग डोळे पुसून त्यांनी फोन लावला. "मॅडम, तो रस्सा दरातला नव्हता. एकदा न सांगता या."

म्हणून हा मंगळवार.

"शेवंते, सोड झाकण," जयवंतकाका म्हणाले. "कोंबडीने घालवलंय ते आता वरणालाच आणू दे."

शेवंतीची बोटं एकेक करून सुटली. मॅडमनी आत पाहिलं. माझा तळ वरणातून स्वच्छ दिसत होता, आणि तळाचं उघडं पितळही.

"कल्हई उडालीय याची. यात शिजवता?"

"शिजवून लगेच स्टीलमध्ये काढतो," सुचित्राताई म्हणाल्या. "कल्हई दरात बसत नाही."

मॅडमनी ताट मागितलं आणि त्या जेवायला बसल्या. शेवंती पदराशी चाळा करत उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही. "वाईच लोणचा देव?"

"द्या," मॅडम म्हणाल्या, "पण ते दरातलं आहे का, ते आधी सांगा."

काकांना ठसका लागला. शेवंतीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

मित्रांनो, कल्हई उडाली म्हणून भांडं कुणी टाकत नाही. विस्तवावर धरतात, कथील फिरवतात आणि पुन्हा चुलीवर चढवतात. माणसालाही एवढं मिळावं, इतकंच माझं मागणं.

मॅडमनी नवा अहवाल दिला आहे. काल सुचित्राताईंनी चौकशी केली, तेव्हा फाइल पुढच्या टेबलावर गेल्याचं कळलं. आज सकाळी खालून कल्हईवाल्याची हाक आली. शेवंतीने मला उचलून गॅलरीपर्यंत नेलं, क्षणभर थांबली आणि खाली ओरडली, "फुडल्या महिन्यात ये रे!"

मग तिने मला पुन्हा शेगडीवर ठेवलं आणि पाणी मोजून ओतलं.