थोरल्यांच्या कुत्र्याचा पट्टा

आमच्या गावात कधीच कुणी गुलाम नव्हतं. हे मी म्हणत नाही, वेशीवरची पाटी म्हणते, आणि ती पाटी माझ्या आत्याने लावून घेतलेली असल्यामुळे तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही. आजूबाजूच्या मुलखात पूर्वी माणसांचे बाजार भरायचे, बोली लागायच्या. आमच्याकडे मात्र थोरल्यांनी भर चौकात उभं राहून जाहीर केलं होतं की इथे ज्याने पाऊल ठेवलं तो मोकळा. थोरले म्हणजे आत्याच्या पणजोबांचे पणजोबा. माझेही ते कुणीतरी लागतात, पण मला ते फार लांबचे वाटतात आणि आत्याला कालच जेवून गेल्यासारखे.

त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालंय आणि आत्या तिथली प्रमुख आहे. मी तिकिटं फाडते, माहिती सांगते, काचा पुसते आणि आत्याची बोलणी खाते. संग्रहालयात थोरल्यांची खुर्ची आहे, छत्री आहे, लाकडी कवळी आहे. पण लोक येतात ते कुत्र्यासाठी.

कुत्रा म्हणजे खरं तर कुत्र्याचा पट्टा. पितळी, चांगला जाडजूड, मागे बिजागरी, पुढे कुलूप. त्यावर कोरलंय, ‘मी मोठ्या घरचा ऐवज आहे. भटकताना दिसल्यास परत आणून द्या.’ कुत्रा स्वतःच बोलतोय हे लोकांना फार गोड वाटतं. आम्ही ते वाक्य कपांवर छापून विकतो, आणि कप हातोहात खपतात.

कुत्र्याची बाकीची सगळी माहिती आत्याने पुरवली. तो इमानी होता, थोरल्यांच्या पायाशी झोपायचा, ते गेल्यावर त्याने अन्नपाणी सोडलं. हे तुला कुठून कळलं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “इमानी कुत्री दुसरं काय करतात?”

यंदा नगराध्यक्षांच्या मनात आलं की चौकात या कुत्र्याचा पुतळा हवा. चौथरा बांधून झाला, शिल्पकार ठरला. हा शिल्पकार उंच, हाडकुळा आणि भलताच चौकस निघाला. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, “कुत्रा कुठल्या जातीचा होता?”

“इमानी,” आत्या म्हणाली.

“तसं नाही, बाई. उंची? कान? तोंड लांब की चपटं?”

आत्याने कुत्र्याचा स्वभाव इतका बारकाईने रंगवला होता की कानांचं राहूनच गेलं होतं. पण हार मानेल तर ती आत्या कसली! तिने गावात दवंडी पिटल्यासारखं करून टाकलं: रविवारी सकाळी सर्वांनी आपापली कुत्री संग्रहालयाच्या अंगणात आणावीत. ज्याच्या गळ्यात पट्टा चपखल बसेल, त्याचाच पुतळा.

रविवारी अंगणात जो काही गोंधळ माजला, तो निस्तरावाही मलाच लागला. कुलूप न लावता नुसता मिटून धरला, तर लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोक्यावरून पट्टा सुळकन निघून यायचा. दांडग्यांच्या गळ्यात तो मिटायचाच नाही. मधल्या मापाच्या एका तांबूस कुत्र्याला बसला म्हणेपर्यंत त्याची खालची कड घशात रुतली आणि तो असा केकाटला, की त्याच्या मालकिणीने आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“बाई,” शिल्पकार पट्टा उलटासुलटा करत म्हणाला, “ही खालची कड बाहेर वळवलीय बघा. खांद्यावर टेकायला. कुत्र्याला असे खांदे नसतात.”

“आमच्या कुत्र्याचे खांदे तुम्ही मला शिकवू नका.”

“पण कुत्र्याच्या गळ्यात हा राहणारच नाही.”

“न राहायला काय झालं?” आत्याने पट्टा त्याच्या हातून जवळजवळ हिसकावलाच. “हा असा उघडायचा. असा घालायचा. आणि असा...”

टक्.

त्या कुलपाला दर महिन्याला तेल मी घालते. माझ्या कामात कुणी खोट काढू शकणार नाही.

पट्टा आत्याच्या गळ्यात शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखा बसला. खालची कड दोन्ही खांद्यांवर अलगद टेकली. शिल्पकाराने सवयीने वही काढली, दोन रेघा मारल्या आणि वही मिटून खिशात घातली.

किल्ली संग्रहालयात कधीच नव्हती. आम्ही आत्याला आत नेऊन थोरल्यांच्या खुर्चीत बसवलं आणि आतोबांना फोन केला. ते घरच्या चपलांवरच धावत आले, बायकोकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “बोलता येतंय ना तुला?”

“येतंय!”

“मग कुलूप चुकीच्या जागी लागलंय.”

आत्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून तिने सगळं अंग वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आतोबा चहा आणायला गेले.

पाठोपाठ किल्लीवाला आला. गावातलं एकही कुलूप आपल्यापुढे टिकलेलं नाही, असं तो येता येताच सांगत होता. त्याने किल्ल्यांचा जुडगा काढला, तारा काढल्या, आत्याच्या हनुवटीखाली डोकं घालून बराच वेळ खाटखूट केली आणि शेवटी करवतीला हात घातला.

“खबरदार!” आत्या ओरडली. “पुराणवस्तू आहे ती! परवानगी लागते!”

किल्लीवाला परत तारांकडे वळला. मग परवानगीसाठी पुराणवस्तू खात्याला फोन लावायचं काम कुणाकडे, हे सांगायला नकोच. रविवार असूनही एक अधिकारी सापडले.

“वस्तू सध्या कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“गळ्यात.”

“कुणाच्या?”

“प्रमुखांच्या.”

“प्रमुख हे कुत्र्याचं नाव का?”

“नाही हो, आमच्या प्रमुख. माझी आत्या. तिच्या गळ्यात अडकलाय.”

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. “वस्तूला धक्का न लावता वापरणाऱ्याला बाजूला काढता येईल का?”

“म्हणजे मान कापून?”

“तसं नियमात म्हटलेलं नाही,” ते सावधपणे म्हणाले. “बरं, वस्तू तीच आहे ना? वरचा मजकूर वाचून दाखवा.”

मी आत्यासमोर गुडघ्यांवर बसले. हे वाक्य मी रोज इतक्यांदा म्हणते, की झोपेतही म्हणेन. लहान मुलं असली की शेवटी थोडं भुंकूनही दाखवते. “मी मोठ्या घरचा ऐवज आहे,” मी वाचलं. वर आत्याचा चेहरा होता. हनुवटी खाली येत नसल्यामुळे ती छताकडे बघत होती. “भटकताना दिसल्यास परत आणून द्या.” माझा आवाज मलाच कसातरी वाटला. अधिकाऱ्यांनी जुळतंय म्हणून सांगितलं आणि साहेबांना विचारून कळवतो म्हणून फोन ठेवला.

आतोबांनी चहा आणला. कप तोंडाशी न्यायचा तर पट्टा आडवा यायचा, म्हणून ते चमच्याने पाजू लागले, आणि निम्मा चहा पट्ट्यावरून ओघळला. एरवी आत्याने घर डोक्यावर घेतलं असतं. ती गप्प होती. आत्या गप्प म्हटल्यावर मी घाबरलेच.

तिचा उजवा हात सारखा पट्ट्यापाशी जात होता. दोन बोटं आत सरकवायची, पट्टा जरा पुढे ओढायचा, की तेवढाच श्वास मोकळा. परत सोडायचा. परत बोटं आत.

“इथे गुळगुळीत आहे,” ती म्हणाली.

“काय गुळगुळीत?”

“बघ तू.”

मी विजेरी मारून बघितलं. पट्ट्याची आतली कड सगळीकडून खरखरीत होती. फक्त तिची बोटं जात होती तिथे, बरोबर दोन बोटांच्या रुंदीएवढं पितळ झिजून गेलं होतं. इतकी वर्षं मी तो पट्टा पुसतेय. आतून कधी पुसायचं मनातच आलं नव्हतं, कारण काचेतून आतली बाजू दिसत नाही.

आत्याने बोटं बाहेर काढून डोळ्यांसमोर धरली.

“कुत्र्याला बोटं नसतात,” ती म्हणाली.

आतोबांच्या हातातला चमचा तसाच राहिला. किल्लीवाल्याने खाटखूट थांबवली. मला एकदम रडू यायला लागलं, आणि ते कुणासाठी येतंय तेही कळेना.

एवढ्यात नगराध्यक्ष आले. बाहेर लोकांनी त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलंच होतं, उरलेलं शिल्पकाराने सांगितलं. त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

“बाई, उगाच खोलात कशाला शिरता? काढा, पुसा, काचेत ठेवा. कुत्राच होता तो. एवढा पुतळा होतोय, नवीन कप छापून आलेत, पाहुण्यांना बोलावणी गेलीत. आणि वेशीवरची पाटी? ती तर तुमचीच ना?”

मला धास्ती वाटली, कारण मी आत्याला ओळखते. तिने उभं आयुष्य या घरात काढलंय. पोटच्या पोराचं करावं तसं थोरल्यांचं केलं. कुत्रा गेला की थोरले जाणार, थोरले गेले की पाटी जाणार, मग आत्याने सकाळी उठून जायचं कुठे? बरं म्हणाली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. मीसुद्धा मूग गिळून उद्यापासून परत कुत्रा सांगायला लागले असते.

“फिरली!” परत कुलपाशी झटत असलेला किल्लीवाला अचानक ओरडला. “फिरली किल्ली! निघाला बाई, निघाला!”

आत्याने त्याचं मनगट धरलं. “थांबा. आत्ता काढू नका.”

“अहो, एवढ्या खटपटीने...”

“आत्ता काढलात तर मी परत पाटीसारखी बोलायला लागेन.”

ती उठली आणि ताठ मानेने, कारण दुसरा इलाजच नव्हता, अंगणात गेली. लोक आपापली कुत्री धरून निकालासाठी थांबले होते. तिला पाहून मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

“निकाल सांगते,” आत्या म्हणाली. “यांतला एकही कुत्रा नाही. कुत्रा नव्हताच, तो मी रचला. हा पट्टा माणसाचा आहे. थोरल्यांनी चौकात जे जाहीर करायचं ते केलं आणि घरी येऊन हा एका माणसाच्या गळ्यात अडकवला. बाई होती की पुरुष, मला माहीत नाही. नाव माहीत नाही. मान माझ्याएवढी होती, एवढंच माहीत आहे.”

आता कुणी हसत नव्हतं. तो तांबूस कुत्रा तेवढा अंग खाजवत होता.

“मी सकाळी यात अडकले, तर नवरा धावत आला, किल्लीवाला आला, नगराध्यक्ष आले. माझ्यासाठी सगळं गाव धावलं. तेव्हाही धावलं असेल. परत आणून द्यायला. तसं लिहिलेलंच आहे याच्यावर, आणि आपण त्यातून चहा पितो.”

नगराध्यक्ष तिच्या कानाशी वाकले. “बाई, पण नवीन कप...”

“फोडा.”

मग ती पायरीवर बसली आणि किल्लीवाल्याला खूण केली. त्याने किल्ली पुरती फिरवली, पट्टा उघडला. आत्याच्या मानेवर लाल वळ उठला होता. ती तो चोळत बसली, तेव्हा आतोबांनी तिचे हात आपल्या हातात घेतले.

किल्लीवाल्याने पट्टा माझ्यापुढे केला. मी नेहमीसारखा एका हाताने घ्यायला गेले.

“दोन्ही हातांनी धर गं,” आत्या म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरला. पितळ अजून गरम होतं.