अनोळखी देठ

खाली वाकून तिनं मशरूम वाढवायच्या पिशवीच्या बुडाशी पाहिलं. पांढऱ्याशुभ्र कोवळ्या मशरूमच्या गुच्छाखाली भलतंच काहीतरी उगवलं होतं. करड्या टोपीचं, बारीक लांब देठाचं. हे तिचं पीक नव्हतं. तेवढंच असतं तर उपटून फेकलं असतं आणि विषय संपला असता. पण शेजारीच तसल्या देठांची ताजी बुडखी दिसत होती. म्हणजे काही खुडली गेली होती.

कुणी खुडली, हा प्रश्नच नव्हता. घरात माणसं दोन. नवरा ट्रकवर, यायचा तोही पाहुण्यासारखा. सकाळी तिचं डोकं ठणकत होतं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू पड जरा. मी खुडते. या घरात आलीस तेव्हा तुला धड चहा जमत नव्हता, आणि आता मला मशरूम तोडायला शिकवणार होय?" तिला खरोखरच झोप लागली. उठली तेव्हा पाकिटं भरून, चिकटवून तयार होती. तिनं ती तशीच शिंपीणकाकूंकडे आणि खानावळीत नेऊन पोचवली.

"अहो आई, खालच्या पिशवीतलीही खुडलीत का?"

"सगळ्याच पिशव्यांतली. का गं, कमी भरली?"

"त्यात करडी होती. आपली नव्हेत ती."

सासूबाईंनी पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले. "असतील. माझ्या कुठं लक्षात राहतंय."

"तसली विषारीसुद्धा असतात, आई!" ती ओरडलीच. मग चपला पायात सरकवून धावत सुटली.

रस्ताभर तिला एकच चूक खात होती, आणि ती सासूबाईंची नव्हती. मशरूम ज्या भुशावर वाढतात तो आधी चांगला उकळून घ्यावा लागतो, म्हणजे त्यातली नको ती बुरशी मरते. पण गॅस महागला होता. बियाणं महाग, पिशव्या महाग, खोली गार ठेवायची तर विजेचं बिल तोंड वासून उभं. भाव मात्र खानावळवाला सांगेल तो. मग माणसानं हात आखडायचा कुठं? या खेपेला तिनं पाणी जेमतेम कढत होऊ दिलं आणि उतरवलं. एकदा काय होतंय, असं स्वतःलाच समजावलं. आता ते 'एकदा' कुणाच्या ताटात वाढलं गेलं असेल, या विचारानं ती आणखी जोरात पावलं उचलत होती.

शिंपीणकाकूंकडचं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. "वजनात चूक झालीय काकू, बदलून देते," ती बेधडक खोटं बोलली.

काकू मशीनवरून उठल्याही नाहीत. "ने बाई. वजन चुकलं म्हणून स्वतःहून परत येणारी तूच पहिली बघतेय मी."

जिन्यातच तिनं पाकीट फाडलं. सगळी पांढरी. म्हणजे करडी खानावळीत गेली होती.

तिथं कढईत कांदा तांबूस झाला होता आणि खानावळवाल्यानं मशरूमची परात उचललीच होती.

"थांबा! वजन—" ती म्हणाली, आणि पुढचं खोटं तिच्या तोंडातून निघेना. "दादा, त्यात विषारी असतील. टाकू नका."

"हळू बोल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाहेर माणसं जेवतायत." त्यानं गॅस बंद केला. तिनं परातीत दोन्ही हात घालून सगळं उपसलं. करडी सापडली. बुडखी जेवढी पाहिली होती, तेवढीच.

"यातलं आधी काही शिजवलंत?"

"नाही. ही पहिलीच कढई." त्यानं परात बाजूला सारली. "तू आलीस, उपकार झाले. पण उद्यापासून माल आणू नकोस. राग नाही गं, पण मनात भीती बसली ती बसली."

एवढं मोठं गिऱ्हाईक गेलं होतं, तरी घरी येताना तिला रडावंसं नव्हे, हसावंसं वाटत होतं. कुणीच खाल्लं नव्हतं. दारातूनच ती ओरडली, "आई, मिळाली! सगळीच्या सगळी मिळाली. कुणाच्या तोंडात गेली नाहीत."

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. घरात तेलावर काहीतरी परतल्याचा वास होता.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सुटलीस." मग पदरानं तोंड पुसून, "मी खाल्ली."

"काय खाल्लीत?"

"खालच्या पिशवीत उरली होती ती. म्हटलं, लोकांना व्हायचं ते आधी मला होऊ दे. काय होतं ते डॉक्टरला सांगता तरी येईल."

तिनं पिशवीकडे धाव घेतली. बुडाशी नुसती बुडखी. ती गर्रकन मागं वळली. "अहो, पण कुणीच खाल्ली नव्हती हो!"

"ते तू आता सांगतेयस."

"पोटात दुखतंय? मळमळतंय?"

"अजून नाही."

तो 'अजून' तिला सहन होईना. असलं विष कधीकधी दुसऱ्या दिवशी अंगावर येतं, हे तिला ठाऊक होतं. सासूबाईंना ठाऊक नव्हतं, आणि सांगायची तिची छाती होत नव्हती. "माझ्यामुळं झालं, आई. भुसा मी नीट उकळलाच नाही. गॅस वाचवला."

"आणि तोडली मी. हाताला बारीक लागली, म्हटलं कोवळी असतील." सासूबाईंनी मान वळवली. "करडं-पांढरं आता माझ्या डोळ्यांना कळत नाही गं. बरेच दिवस झाले. सांगितलं असतं तर त्या खोलीत तू मला पाऊल टाकू दिलं नसतंस. मग मी दिवसभर करायचं काय?"

डॉक्टरला दाखवायला तिनं बुडखी उपटून कागदात गुंडाळली आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला हाक मारली.

"स्वेटर घालते," सासूबाई म्हणाल्या. "दवाखान्यात चार माणसं असतात."

बाहेर रिक्षा घरघरत होती. सासूबाईंची बोटं काजं चाचपत होती. वरचं बटण खालच्या काजात, खालचं कुठंच नाही. तिनं हात पुढं केला. एरवी त्यांनी तो झटकून टाकला असता. आज त्या दोन्ही हात खाली सोडून, हनुवटी वर करून उभ्या राहिल्या, आणि सगळी बटणं लागेपर्यंत हलल्या नाहीत.