वरची कडी

सिंधूच्या पायाला भिंगरी लागली होती. लेक उज्वला अभ्यासाला बसताना दाराची कडी लावायची आणि ही पाचव्या मिनिटाला उठून ती काढायची. लातुरातल्या त्या भाड्याच्या खोलीबाहेर क्लासच्या पोरांचा दिवसभर गलबला. शेवटी उज्वला म्हणाली, "आई, दिवाळीपर्यंत बघते, न्हाईतर हॉस्टेलला जाते." नवरा गेल्यापासून सिंधूला लेकीवाचून कुणी नव्हतं.

म्हणून ती समुपदेशक वैजनाथ सरांकडे गेली. माणूस भला. त्यांची रीत अशी, की लहानपणी भूकंपात घर कोसळलं ती पहाट डोळे मिटून पुन्हा पुन्हा सांगायची, म्हणजे भीतीची धार बोथट होते. पुष्कळांची होते. सिंधू मात्र वडिलांपाशी, "आबानं हाक मारली" इथवर यायची आणि अनवाणीच रस्त्यावर पळायची. चौथ्या खेपेला सरच म्हणाले, "ताई, रीत खोटी नाही, पण तुम्हाला आत्ता झेपत नाही. नांदेडच्या अर्शी मॅडम आधी पाय रोवायला शिकवतात."

आगीतून फुफाट्यात, असंच तिला वाटलं. चार तास एसटीत हाडं खिळखिळी करून जायचं आणि ही बाई काही विचारीतच नाही. फरशीवर पाय दाबा, श्वास सावकाश सोडा, खोलीतल्या पाच वस्तू सांगा. नुसती बालवाडी. पण पाचव्या खेपेनंतर ती सलग सहा तास झोपली, तेव्हा नावं ठेवणं जरा कमी झालं.

आठव्या खेपेला न विचारताच तिच्या तोंडून निघालं, "कडी म्याच लावली होती, मॅडम. आबा, आई, दोघं भाऊ, कुणालाच बाहेर येता आलं न्हाई. ढिगाऱ्यातून मला तेवढं काढलं." तीस वर्षं हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तुमचा दोष नाही वगैरे अर्शी म्हणाली नाही. "पाय जमिनीवर ठेवा," ती म्हणाली. "किती वर्षांच्या होता तुम्ही?"

"आठ."

"आणि कडी कुठं होती?"

"वर, चौकटीला." सिंधूने हात वर केला आणि तो तसाच राहिला. "माझा हात पुरत नव्हता. आबानं उचलून धरलं होतं. मी रोज कडी लावायचा हट्ट करायची, अन् ते लई हसायचे."

एवढी वर्षं आबांची आठवण आली की ती नुसती घाबरायची. आज पहिल्यांदा बापासाठी रडली.

घरी येऊन तिने लेकीला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "लाव कडी. मी आत बसते."

उज्वलाने लावली. सिंधू फरशीवर पाय दाबून बसली. नजर दाराकडे जायची, ती खोलीतल्या पाच वस्तू मोजायची, पण उठली नाही. दहा मिनिटांनी उज्वलाच उठली, कडी काढली आणि बाहेरच्या गलबल्यातच पुन्हा पुस्तकाशी बसली.