कोरडी खोली

श्वास लागणाऱ्या रुग्णांना प्राणवायूचं यंत्र घरी वापरायला द्यायचं आणि गरज सरली की परत आणायचं, एवढंच त्या संस्थेचं काम. ते सगळं ताई बघायची. जागा दोन खोल्यांची: पुढची माणसांची, मागची यंत्रांची. मागची खोली कोरडी राहिली पाहिजे आणि यंत्रं तिथंच, यावर ताईचा कटाक्ष. यंत्राच्या पोटात पांढरे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जाऊ देतात. पण त्या दाण्यांना नायट्रोजनपेक्षाही ओल प्यारी. एकदा ती शोषली की दाणे कामातून गेले.

हा नियम मोडला तो ताईनंच, आणि तोही भिडेपोटी. रुग्ण वाढले तेव्हा तिनं धाकट्या बहिणीला म्हटलं होतं, तुझ्या ओळखीतून काही मदत मिळते का बघ. पैसे, असं म्हणायला जीभ रेटली नाही. धाकटीचा गोतावळा मोठा. तिनं जिवाचं रान केलं आणि टेम्पो भरून सामान आणलं: कोट, चादरी, खेळणी, मुदत उलटलेली औषधं, एक चाक निखळलेली व्हीलचेअर. टेम्पोचं भाडं संस्थेच्याच पेटीतून गेलं. ताईनं हसून आभार मानले, फोटोही काढून घेतले. सामान मागच्या खोलीत गेलं आणि यंत्रं चार दिवसांपुरती न्हाणीघराशेजारच्या बोळात. ते चार दिवस संपलेच नाहीत.

आज एक सुतार यंत्र न्यायला आला होता. घरी यंत्राची सोय आहे, असं त्यानं सांगितल्यावरच डॉक्टरांनी त्याच्या बायकोला सोडलं होतं. ती बाहेर गाडीत बसली होती, शेजारी लहानसा सिलिंडर. तो संध्याकाळपर्यंत पुरणार होता.

ताईनं यंत्रं एकेक करून सुरू केली आणि नळीला मीटर लावला. प्राणवायूचा आकडा शेकडा नव्वदच्या वर हवा. पहिल्याचा चौसष्टवर अडला, दुसऱ्याचा अठ्ठावन्नवर, तिसऱ्याचा एकाहत्तरवर. तिनं बटणं बंद करून पुन्हा लावली. आकडे काही ऐकेनात.

तिनं दवाखान्यात फोन केला. सुताराच्या बायकोची खाट तासाभरातच दुसऱ्याला गेली होती. दुसऱ्या संस्थेची यंत्रं सगळी बाहेर होती. नवे दाणे मिळाले असते, पण दुकानदार आधी पैसे घेणार, मग मागवणार. पेटीत होतं ते टेम्पोनं नेलं होतं.

"हे सामान विकून टाकू या ना," धाकटी म्हणाली. ती सकाळपासून कोटांच्या घड्या घालत होती.

"भंगारवाला येऊन गेला. न्यायचे पैसे उलट माझ्याकडेच मागत होता."

धाकटीचे हात थांबले. "तू नीट सांगायचंस, ताई. मी पैसेच मागितले असते."

"दिले असते?"

धाकटीनं हातातला कोट ढिगावर ठेवला. "निम्म्यांनी विचारलं असतं, पैसे जातात कुठे? कोट दिला की कोट दिसतो गं."

सुतार दारातून सगळं ऐकत होता. त्याला दोघींच्या बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. "यातलं बरं कोणतं?" त्यानं विचारलं.

एकही बरं नाही, असं ताईनं त्याला सरळ सांगितलं. साध्या हवेपेक्षा हे बरं, पण त्याच्या बायकोला लागतो तेवढा प्राणवायू यातून मिळणार नाही. ओठ निळसर दिसले तर तडक दवाखाना गाठायचा. तो प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिला. मग त्यानं तिसरं यंत्र दाराकडे वळवलं. त्याच्यावरचा पिवळा दिवा लागलेलाच होता.

"हा दिवा कशाचा?"

"प्राणवायू कमी आहे, त्याचा."

"विझेल ना घरी गेल्यावर?"

"नाही."

त्यानं बाहेर गाडीकडे पाहिलं. "ती यंत्राकडेच बघत बसेल हो. घाबरेल."

ताईनं खण उघडून चिकटपट्टी काढली. तुकडा तोडून दिव्यावर लावला. उजेड आरपार दिसत होता. तिनं त्यावर दुसरा लावला, मग तिसरा.