मानेची घडी

मी घोटीव कागद. एका अंगानं लाल चकचकीत, दुसऱ्या अंगानं पांढरा. म्हणजे होतो. आज मला पाहिलंत तर कागद म्हणणार नाही, आणि पक्षी म्हणायलाही जरा मोठं मन लागेल. पण माझी कहाणी ऐकाच. आणि मधे टोकू नका, मला राग लवकर येतो.

जन्म कुठं झाला ते आठवत नाही. आठवतं ते वरोऱ्याचं दुकान, तिथला कागदांचा गठ्ठा, आणि त्यात मी दबलेला. एकदा एका मॅडमनी तो गठ्ठा विकत घेतला आणि चामोर्शीला नेला. साल नव्व्याण्णवचं. तिथं बालवाडीच्या बायांचं शिबिर होतं. मॅडमनी प्रत्येकीला एक कागद आणि घड्यांच्या चित्रांचं एक पान दिलं. म्हणाल्या, "याचा पक्षी करा. शेपटी ओढली की पंख हलले पाहिजेत. गुरुवारी गावात येऊन बघते."

वैनगंगेकाठच्या एका गावातून दोघी आल्या होत्या, इंदू आणि कमळा. शेजारणी. गावात बालवाडी शिकवायची जागा मात्र एकच, जिचा पक्षी जमेल तिची. कमळाच्या वाट्याला पिवळा कागद गेला, इंदूच्या वाट्याला मी.

इंदूचा नवरा सुरेंद्र तळ्यातली मासोळी धरायचा आणि इंदू ती डोक्यावर घेऊन चामोर्शीच्या बाजारात बसायची. दहावी पास होती बिचारी. टोपलीचं पाणी मानेवर ओघळायचं, तो वास अंघोळ केली तरी जायचा नाही. त्या टोपलीतून सुटायची ही एकच वाट तिला दिसत होती, आणि ती वाट माझ्यातून जात होती. मला उगाच मोठेपणा वाटला, खोटं कशाला सांगू?

गुरुवारी सकाळची कामं आटोपून इंदू मला घेऊन बसली. पहिल्या घड्या बऱ्या गेल्या. मग मानेचं चित्र आलं. ही चित्रं म्हणजे निव्वळ लबाडी हो. एका चित्रात मी चपटा, खाली दोन टोकं. पुढच्या चित्रात माझी मान वर, तिला चोचसुद्धा. मधे काय झालं ते काढणाऱ्यानं सांगितलंच नाही. एक वाकडा बाण काढला आणि हात झटकले.

इंदू ते टोक पुढं वाकवायची, मागं वाकवायची, पुन्हा सरळ करायची. घडी म्हणजे आमचं हाड, तेच हाड किती वेळा मोडणार? ऊन कलायला लागलं. मॅडमची जीप केव्हाही येणार होती.

जवळच तिची सासू ताराबाई पळसाच्या पानांचे द्रोण लावत होती. तिला राहवेना. "काऊन मोडून राह्यली वं त्याले? पान कडक झालं का पाणी शिंपडा लागते. मंग कसंबी वळते." असं म्हणून तिनं गडव्यातलं पाणी घेतलं आणि इंदू नको म्हणायच्या आत माझ्यावर शिंपडलंसुद्धा. अहो, मी पळसाचं पान आहे का?

माझा लाल रंग इंदूच्या बोटांवर उतरला. मी लिबलिबीत झालो. ताराबाईचं तोंड एवढंसं झालं. इंदू तिला एका शब्दानं बोलली नाही. तिनं मला तळहातावर घेतलं आणि चुलीच्या धगीपुढं धरलं. कागदाला एकाच दिवशी पाणी आणि विस्तव दाखवू नये.

मी जेमतेम सुकलो, पण मानेपाशी ओलच राहिली. मग इंदू उठली आणि नको तिथंच गेली.

कमळा दारातच बसलेली. शेजारी तिचा पिवळा पक्षी, तयार. इंदू म्हणाली, "कमळा, मान जमून नाई राह्यली. दाखव ना मले."

कमळानं आधी आपला पक्षी बाजूला सरकवला. मग हात पुढं केला. "आण इकडं."

मला घेतलं आणि तिनं पाठ फिरवली. इंदूला आता तिची पाठ तेवढी दिसत होती. माझी मान खरोखरच तिच्या हातात होती, आणि ओला कागद फाडायला काय लागतं? नखाचा एक धक्का. की जागा तिची. हे तिलाही कळत होतं, कारण तिचे अंगठे थांबले. मी देवाचं नाव घेतलं. मग तिनं टोकाचं तोंड आतून उघडलं, टोक आत ढकललं, दाबलं. मान उभी राहिली.

"झालं. ने," ती म्हणाली. तिनं फाडलं नाही, आणि दाखवलंही नाही.

समाजमंदिरात मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या. आधी पिवळा पाहिला. मग माझी शेपटी ओढली. पंख हलले. "रंग गेलाय, पण पक्षी छान. मान भल्याभल्यांना जमत नाही. इंदुताई, तुम्हीच केली ना?"

एक 'हो' पुरे होतं. सोबत आलेल्या ताराबाईनं तर मान हलवूनही टाकली. कमळा जमिनीकडं पाहत होती. इंदूनं पदर मुठीत धरला. "नाई मॅडम. मान कमळानं केली."

यांच्या तळ्यावर रीतच तशी. जाळं ओढताना दोरीला ज्याचा हात लागला, त्याचं नाव मोठ्यानं घेऊन त्याला मासोळीचा वाटा द्यायचा, मग त्याच्याशी कितीही वाकडं असो. नाव गाळलं तर ती मासोळी गोड लागत नाही म्हणतात. इंदू माहेरापासून त्याच रीतीत वाढलेली. तिच्या तोंडून दुसरं काही निघालंच नसतं.

मॅडमनी मला खाली ठेवलं. "मग मला कमळाताईंनाच घ्यावं लागेल," म्हणाल्या.

घरी येऊन इंदू खूप रडली. ताराबाई तिच्याजवळ बसून "माह्या पाण्यानं झालं" एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळा आली. आत येईना, दारातच उभी. "माहं नाव काऊन घेतलं? हो म्हटलं असतं तं कोणाले समजलं असतं?"

"हात तुहा होता," इंदू म्हणाली.

कमळानं चपला काढल्या. मग आत आली आणि इंदूच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. "आण तो पक्षी. मान उलगडू. आता माह्या हाताकडं पाह्य."

उलगडू? माझी पाचावर धारण बसली. पण कागदाला विचारतो कोण? कमळानं मान सोडवली, हळू हळू वळवून दाखवली, पुन्हा सोडवली आणि मला इंदूकडं दिलं. इंदूनं टोकाचं तोंड आतून उघडलं, आत ढकललं, दाबलं. मान उभी राहिली, आणि भिजल्या जागी चर्रकन फाटली.

दोघी माझ्याकडं पाहत राहिल्या.

"फाटली वं," कमळा म्हणाली.

"फाटू दे. घडी आली मले."

ताराबाईनं भाताचं शीत लावून माझी मान चिकटवली. ती वाकडीच बसली. आता मी आढ्याला खोचलेला असतो. इंदू अजून टोपली घेऊन बाजारात जाते. तो वास गेलेला नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं. गिऱ्हाईक नसलं की ती मासोळी बांधायच्या रद्दीचे पक्षी करते. बाजारातली पोरं मानेपाशी हमखास अडतात, तेव्हा ती त्यांना समोर बसवते आणि सगळं त्यांच्याच हातून करून घेते.

माझं काय, आज ना उद्या उंदीर नेतील. जाता जाता एवढंच मागणं आहे. कोणी मानेपाशी अडून तुमच्या दारी आलं, तर तुमचं तोंड त्याच्याकडं असू द्या.