दोन वल्ह्यांची नाव

"आई, तू झोपलीस?"

"हो."

"मग बोलतेयस कशी?"

तिने डोळे आणखी घट्ट मिटले. मोठीला दुपारी झोपवायचं म्हणजे आधी आपण झोपेचं सोंग घ्यायचं, आणि ते घेताना खरंच डोळा लागू द्यायचा नाही. आठवडाभर उभ्याने लोकांचे एक्स-रे काढणाऱ्या बाईला यातलं दुसरं फार जड जायचं. धाकटा गुंड्या केव्हाच तोंड उघडं टाकून झोपला होता. मोठीच्या डोळ्यांत मात्र झोपेचा मागमूस नव्हता. आणि बाहेरच्या खोलीत दादा वाट बघत होता.

दादा, म्हणजे या बाईचा थोरला भाऊ, राहायला होता पार दुसऱ्या देशात. बाहेरच्या खोलीत तो होता तो टीव्हीच्या पडद्यावर, नावेत बसलेला. हा गेम दोघांनीच खेळायचा. नाव एक, वल्ही दोन. एकाने हात थांबवला की नाव जागच्या जागी गरगर फिरायची. समुद्राच्या टोकाला एक दीपगृह होतं म्हणे, पण ही भावंडं तिथवर कधी पोचलीच नव्हती. लग्नाआधी रोज खेळायची, मग जमेल तसं, आणि मुलं झाल्यावर चोरून खाल्ल्यासारखं, कधीतरी. आज दुपार सरता सरता कंपनी तो गेमच कायमचा बंद करणार होती.

फोनवर दादाला बोलता यायचं नाही. तब्येत विचारून झाली की त्याची गाडी अडायची. नावेत मात्र, हात कामात आणि नजर लाटांवर असली, की तो मोकळा व्हायचा. दोघांच्या आईच्या आजारपणात तिने नावेतच विचारलं होतं, "आई बरी होईल ना रे?" बराच वेळ वल्हवून तो म्हणाला होता, "नाही गं, बबडे." दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला ते ऐकवलं नसतं.

शेवटी मोठीची मान कलली. तिला झोपलेली बघून ही पावलांचा आवाज न करता बाहेर आली आणि हेडफोन चढवला.

"आलीस? मला वाटलं, आजही टांग देतेस."

"तुझी भाची झोपेना. चल, ओढ."

नाव निघाली. खडकांची रांग मागे पडली. तिचा हात अजून बसलेला होता, तेवढ्यानेही तिला भरून आलं. ती आई नव्हती, बायको नव्हती, पांढरा कोट घातलेली बाई नव्हती. दादाची बबडी होती.

"बबडे," तो म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं—"

आत गुंड्याने भोकाड पसरलं.

"जा, जा. मी आहे इथं."

गुंड्याचे कपडे बदलून, त्याला पाणी पाजून, कडेवर घेऊन ती परतली, तेव्हा पडद्यावर दादा एकट्याने वल्हवत होता आणि नाव गोल फिरत होती.

"थांबायचं ना रे."

"थांबलो तर लाट मागे नेते. चक्कर आलीय मला!"

ती हसली. तेवढ्यात डोळे चोळत मोठी आली, ती थेट मांडीवरच. "यात मामा आहे? मला पण दे."

एरवी तिने दटावलं असतं. आज तिने मोठीचा अंगठा धरून बटणावर ठेवला. नाव वेडीवाकडी पळाली, खडकावर आपटली, पुन्हा तरंगली.

"मामा, तुला पोहता येतं?" आईच्या हेडफोनला कान लावून मोठीने विचारलं.

"तू असंच चालवलंस तर शिकावं लागेल."

मोठी खदाखदा हसली. आणि दूर, पाण्याच्या रेघेवर, एक पिवळा ठिपका लुकलुकला.

"दादा! दिसलं?"

"दिसलं. ओढ, ओढ!"

गुंड्या तिच्या कानातला हेडफोन ओढत होता, मोठी चुकीचं बटण दाबत होती, तरी ठिपका वाढत होता. मग लाटा होत्या तिथे थिजल्या. पडद्यावर कंपनीच्या आभाराच्या दोन ओळी आल्या आणि तो काळा झाला.

"पोचलो आपण?" मोठीने विचारलं.

"नाही गं, पिल्ला."

हेडफोनमधली लाईन गेमची नव्हती, ती चालू राहिली. कुणीच ती तोडली नाही. न खेळता इतका वेळ एकमेकांच्या कानाशी ती दोघं कधी राहिली नव्हती.

"काय सांगत होतास मघाशी?"

"काही नाही गं. सांगेन कधीतरी."

आता नाव नाही, तर कधीतरी म्हणजे कुठे, हे तिला कळेना. काळ्या पडद्यात तिला मुलं अंगावर घेतलेली एक बाई दिसत होती, ती स्वतःच. पलीकडे खुर्ची सरकली. पावलं वाजली. नळ सुटला, मग भांड्याला भांडं लागलं.

"भांडी घासतोयस?"

"हं. सकाळची पडलीयत."

"घास. मी लाईन सोडत नाही."

गुंड्या खांद्यावर पुन्हा पेंगायला लागला होता. दादाचे हात पुन्हा कामात होते. तिने मोठीला ओठांवर बोट ठेवून खूण केली आणि पलीकडच्या पाण्याचा आवाज ऐकत बसून राहिली.