सत्तावीस नंबरचा साचा

माझ्या कामात हयगय चालत नाही, हे मी गेली तेवीस वर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय. मी कवळ्या करतो. डॉक्टर मंडळी तोंडाचं माप ट्रेमध्ये घेऊन पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, साचा काढतो आणि त्यावर दात बसवतो. इथली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी जेवतात आणि वर कवळी टोचते म्हणून माझ्याच नावाने बोटं मोडतात. मोडू देत. हिरड्या त्यांच्या वाकड्या, माझं काम सरळ आहे.

प्लास्टर ओतताना कितीही जपलं तरी कुठेतरी हवा अडकते. बहुतेक वेळा पुढच्या दाताच्या टोकालाच. साचा बाहेर निघाला की दाताचा कोपरा उडालेला दिसतो. मग ब्रशवर ओल्या प्लास्टरचा थेंब घ्यायचा, कोपऱ्यावर ठेवायचा, वाळला की सुरीने कोरायचा. दात पुरा. असं काही दिसलं की माझा हात मला न विचारताच ब्रशकडे जातो.

दहा महिन्यांपूर्वी टाय लावलेला एक माणूस माझ्या दुकानात आला, मी त्याला टायवालाच म्हणतो. त्याची कंपनी माणसं पुरवते. परक्या देशात, परक्यांच्या भांडणात, कुणाची खाण राखायला, कुणाचं बंदर राखायला. कागदावर ही माणसं पहारेकरी. हातात मात्र बंदूक, आणि ती काही शोभेची नाही. सैन्य नव्हे, त्यामुळे मेलं तर झेंडा नाही, सलामी नाही, पेपरात दोन ओळीसुद्धा नाहीत.

"आमच्या माणसांच्या दातांचे साचे करून हवेत, मास्तर," तो म्हणाला. "नंबर घालून फळीवर ठेवायचे. लागले तर लागले."

"गळ्यात बिल्ला का घालत नाही?"

"माणूस मेला तर तो कुठून आलाय ते ज्यांना सापडेल त्यांना कळायला नको."

म्हणजे त्यांना कळायला नको, पण आपल्याला कळायला हवं, म्हणून दात. मला तेव्हा त्यात मोठी हुशारी वाटली. इतकी, की मीच त्याला म्हणालो, "माझ्या भाच्यासाठी काही बघा ना. धडधाकट आहे आणि घरी बसलाय."

हा भाचा म्हणजे चिमण्या, माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून चिमण्या, आता माझ्या दुकानाच्या दारातून वाकून आत येतो. दात असे, की शाळेत असल्यापासून मी त्याला गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडायला लावायचो. "बघा, याला म्हणतात दात." खालचे दोन तेवढे एकमेकांवर चढलेले, बाकी मोती. कंपनीने त्याला लगेच घेतलं. गावाबाहेर छावणीत महिनाभर शिकवलं, तिथल्या नर्सने साठ जणांची मापं घेतली आणि खोक्यात भरून मला पाठवली. मी दोन दिवसांत साठ साचे काढले. चिमण्याचा नंबर सत्तावीस. छावणीतून तो परस्पर विमानात बसला, मला भेटायलाही आला नाही. मी मनात धरलं होतं ते.

त्याला आठ महिने झाले. गेल्या सोमवारी टायवाल्याने मला एक फोटो आणि एक फॉर्म पाठवला. तीन माणसं बेपत्ता आहेत आणि एक मृतदेह सापडलाय. कितीतरी दिवस उन्हात पडलेला, चेहऱ्यावरून ओळख पटणार नाही. तोंड स्वच्छ धुऊन, ओठ चिमट्याने बाजूला करून फक्त दातांचा फोटो काढलाय. एकोणीस, सत्तावीस, चौतीस, या तिघांपैकी कुणाशी जुळतं ते दुपारपर्यंत कळवा. कुणाशीच जुळलं नाही तर त्याला तिथेच पुरतील.

फोटो मोठा करून कागदावर छापला आणि तिन्ही साचे टेबलावर घेतले. एकोणीसला मागची दाढच नव्हती, फोटोत होती. बाद. चौतीसच्या पुढच्या दातांत फट, फोटोत फट नाही. बाद. मग बराच वेळ मी सत्तावीसला हात लावला नाही. चहा मागवला, तो थंड केला, पाठीमागच्या बेसिनवर जाऊन उगाच हात धुतले. देवाला मी कामाच्या वेळेत त्रास देत नाही, त्या दिवशी दिला.

खालचे दोन दात एकमेकांवर चढलेले. फोटोतही. सुळे तेच, कमान तीच. आणि मग मला दिसलं, वरच्या पुढच्या दाताचा कोपरा फोटोत तुटलेला होता. तिरका, नखाएवढा. साच्यावर तो दात अखंड. भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. अखंड!

जीव भांड्यात पडला. मी फॉर्मवर "जुळत नाही" याच्यापुढे खूण केली, तीही दाबून. तिकडे गेल्यावर दात तुटला असेल, हा विचार मनात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. मी त्याला दारातूनच परतवून लावला. मला "नाही" म्हणायचं होतं आणि कोपऱ्याने मला ते म्हणू दिलं.

संध्याकाळी टायवाल्याचा फोन आला. आवाजात सुटका होती.

"मग तिघेही काम सोडून पळाले असं धरतो, सत्तावीससुद्धा. घरच्यांना तसं कळवतो."

"आणि तो, जो सापडलाय तो?"

"त्याचं काय? तो आमचा नाहीच ना. उद्या पुरतील."

गुरुवारी दुपारी ताई दुकानात आली. कितीतरी महिन्यांनी तिने केस नीट विंचरलेले होते. कंपनीचं पत्र तिने माझ्या नाकासमोर नाचवलं.

"पळाला रे! पळून गेला माझा चिमण्या! करार मोडला, आता एक पैसा मिळणार नाही म्हणतायत. घाला म्हणावं चुलीत. जिवंत आहे, दुसरं काय पाहिजे मला?"

"मी म्हटलं नव्हतं? तुझा मुलगा आहे, कुणाचं ऐकणार थोडाच," मी म्हणालो. आम्ही दोघं हसलो. खरंच हसलो.

ती स्टुलावर बसली आणि पदराने कपाळ पुसलं. "येईल बघ महिन्या-दोन महिन्यांत. आला की आधी त्याचा तो दात करून दे. फुकट करायचा हं, मामा आहेस."

"कुठला दात?"

"पुढचा. अरे, छावणीत पहिल्याच आठवड्यात बाटलीचं झाकण दाताने उघडायला गेला, उडाला कोपरा. मला फोनवर दाखवला आणि म्हणतो कसा, मामाला सांगू नकोस, तोंड दाखवायची सोय राहणार नाही. म्हणून तर जाताना तुझ्याकडे आला नाही. पण माप तुझ्याकडेच आलं होतं ना? तुला दिसला नाही?"

सत्तावीस नंबर टेबलावरच होता. उचलून फळीवर ठेवायला मला तीन दिवस जमलं नव्हतं. मी सुरी घेतली आणि टोक दाताच्या कोपऱ्याला लावलं. जोर करावाच लागला नाही. पांढरा तुकडा टचकन उडून टेबलावर पडला. खाली तिरकी, नखाएवढी कड. अडकलेल्या हवेचा बुडबुडा समजलो होतो मी तिला. मी भरलेला, कोरलेला, गुळगुळीत केलेला.

माझ्या हातून असं काम होतं याचा मला अभिमान होता. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी पहिलं मनात आलं ते हेच, की जोड भिंगातूनसुद्धा दिसला नव्हता.

"काय फोडलंस?" ताई म्हणाली.

मी टेबलावरच्या कागदांवर हात ठेवायला गेलो, पण ती आधीच वाकली होती. दातांचे फोटो तिने माझ्याकडे आयुष्यभर पाहिलेत, ओठ चिमट्यात धरलेले, तिला त्याचं काही वाटत नाही. तिने तो कागद उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ धरला. तिचा चेहरा उजळला.

"अगं बाई, हाच की! हाच तो दात!" ती म्हणाली. "म्हणजे तुला फोटो पाठवला त्याने? आणि मला सांगितलं नाहीस? कधी पाठवला रे?"

मी तिच्या हातातून कागद काढून घेतला नाही. पुरून दोन दिवस झाले होते. तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असेल त्याच्याकडे मीच लिहून दिलं होतं की तो आपला नाही. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो, सुरी खाली ठेवली आणि म्हणालो, "सोमवारी, ताई."

"सोमवारी? मग बरा आहे ना तो?"